दोन पडद्यांच्या मधे

मी तारांचा माणूस.
फुंकायच्या वाद्याशी माझं देणंघेणं नव्हतं.
पण दोन हजार पाचच्या पुरानंतर
गुंडा ऐवळे मिरजेच्या दुकानात आला, काखेत पोतं,
पोत्यात पितळेची वाकडी मान,
आत कृष्णेचा गाळ.
"कासमभाई, बघ जमतंय का.
पुण्याचा माणूस सहा हजार म्हणतोय."

बोटं घालून गाळ काढला.
किल्ल्यांखालच्या गाद्या कुजलेल्या,
तिथं तबल्याच्या पुडीतून उरलेलं
बकऱ्याचं कातडं कापून बसवलं, चोवीस तुकडे,
भोपळ्याला लावतो तोच सरस.
गुंडा म्हणाला, "आता हा सतारीचा सोयरा झाला."
सहाशे ठरले. दोनशे दिले.

त्याचा बाप सनई वाजवायचा,
मांडवाच्या बाहेर बसून. जेवायचाही बाहेरच.
पोराला सनई नको झाली.
मिरज जंक्शनला मालगाडीचा गार्ड होता, डिमेलो.
शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवर नाच,
गुंडा तिथं खुर्च्या मांडायचा.
गार्डनं एकदा वाद्य हातात दिलं.
"गाऊ नको यातून," म्हणाला. "तक्रार कर."

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या तबकड्या होत्या गार्डकडं.
ऱ्हिदम अँड ब्लूज.
गुंडाला त्यातलं ब्लू तेवढं कळलं.
"निळा? मग आमचाच की."

पुढं नवजीवन ब्रास बँड,
लाल डगला, खांद्यावर झालर,
घोड्याच्या पुढं उलटं चालत
अख्खी वरात अंगावर घेत वाजवायचा.
मधे तीन वर्षं मुंबईत. हॉटेलात रात्रपाळी,
आणि एका गाण्यात अकरा सेकंद.
तबकडीवर नाव नाही.
रेडिओला ते गाणं लागलं
की चहाच्या गाड्यावर हात वर करायचा:
"गप बसा. आता मी येतोय."

परत का आलास, तर म्हणाला,
बायकोनं पत्र लिहवून घेतलं होतं.
पोरगी चालायला लागली.
दुसरं काही नव्हतं पत्रात.

एकदा मी विचारलं, तू मधेच लावतोस तो सूर कुठला रे?
कोमल गंधार नव्हे, शुद्ध तर नव्हेच.
गिऱ्हाइकाची सतार घेतली, पडद्याचा दोरा सैल केला,
वर सरकवला, खाली सरकवला.
"इथं?"
"नाही."
"इथं?"
"नाही, मर्दा."
अकरा वाजले. वैतागून मी तारच ओढली,
"हां! जाता जाता लागला बघ.
थांबलास की गेला."
चार पिढ्या आम्ही पडदे बांधतोय.

मग डॉल्बी आला.
नवजीवनच्या डगल्यांच्या पिशव्या शिवल्या कुणीतरी,
मंडईत बघितल्या मी, झालरीसकट.
मग दात गेले.
मिशनच्या दवाखान्यात कवळी करून घेतली,
ती हलायची आणि सूर घसरायचा.
तरी यायचा रोज, चारच्या सुमाराला,
फुंकायचा नाही. नुसत्या किल्ल्या दाबायचा.
टप. टप टप.
मी जवारी काढता काढता कानस थांबवायचो.
हे वरातीतलं. हे हॉटेलातलं.
हे ते अकरा सेकंद.
गिऱ्हाईक विचारायचं, म्हातारा काय करतोय?
रियाज, म्हणायचो मी.

गेल्या मार्गशीर्षात गेला.
तासगावहून पोरगी आली, पन्नाशीची, बापाचंच नाक.
"चारशे राहिलेत म्हणे तुमचे."
मी नको म्हटलं.
"मग हे ठेवून घ्या. घरात कुणी उचलत नाही."

आढ्याला टांगलाय, भोपळ्यांच्या रांगेत.
त्या सतारीचा पडदा परत बांधायचा राहिलाय,
गिऱ्हाइकाचा दोनदा फोन येऊन गेला.
पावसाळी हवेत कातडं फुगतं,
एखादी गादी चिकटून बसते,
आणि दुपारी पत्रा तापला
की आपोआप सुटते.
टप.
मी कानस थांबवतो.